टीप क्रमांक नऊ

वार्षिक अहवालाच्या शेवटी, जिथवर कुणी वाचत जात नाही,
तिथे बारीक टायपात माझं काम असतं.
सतरा वर्षं झाली. ईरी, पेनसिल्व्हेनिया.
खिडकीतून सरोवर दिसतं, म्हणजे
फेब्रुवारीत नुसतं पांढरं दिसतं,
आणि त्या पांढऱ्याच्या अलीकडे आमची गाड्या लावायची जागा,
तीही भाड्याचीच.

आम्ही झडपा बनवतो. वाफेच्या, पाण्याच्या.
इस्पितळांच्या तळघरांत, दुधाच्या कारखान्यांत
त्या उघडतात, मिटतात,
बिघडल्या तरच कुणाला आठवतात.

टीप आठ : भाडेपट्टे.
इमारत आमची नाही. छप्पर गळलं तर मात्र ते आमचं.
कलम चौदा. थोरल्या ग्रिस्वोल्डने हे कलम घातलं
तेव्हा छप्पर नवंकोरं होतं.
आता लेथच्या शेजारी तीन बादल्या असतात
आणि नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवतात
त्या कधी ओतायच्या.
किमान देय रकमा मी उजव्या कडेला जुळवून लिहिते :
पहिलं वर्ष, चार लाख बारा हजार डॉलर.
दुसरं, तेवढंच. तिसरं, जरा वर.
चौथं. पाचवं.
मग एक ओळ, जिला सालच नाही :
त्यानंतर.
सगळ्यात मोठा आकडा तिच्यापुढे असतो.

टीप नऊ : प्रलंबित दावे.
टोलीडोच्या एका कंपनीचं म्हणणं,
आमच्या झडपेतली ती चकती,
दाब वाढला की आपण होऊन जराशी कलणारी,
ती त्यांची आहे.
पेटंट त्यांच्या नावावर आहे, हे खरं.
चकती कॅसिमिर पाव्लाकने शोधली, हेही खरं.
सहा वर्षं तारखा पडतायत.
कॅसिमिरला जाऊन चार झाली.

वकील ऑल्डन थॅचर दर तिमाहीला पत्र पाठवतात,
'निकालाचा अंदाज आज बांधता येत नाही.'
या एका वाक्याचं बिल मी मंजूर करते
आणि खाली टाइप करते :
व्यवस्थापनाच्या मते लक्षणीय परिणाम होणार नाही.

मंगळवारी हेड्विग पाव्लाक आली.
बर्फाचे बूट दारात काढून, नुसत्या मोज्यांवर.
बिस्किटांच्या डब्यातून तिने एक कागद काढला.
पेन्सिलीची चकती, एक तिरकी रेघ, बाण,
आणि बाणापाशी पोलिश भाषेत दोन शब्द.
'इथे दम घेते,' तिने अर्थ सांगितला.
मी कागद उलटला.
ग्रिस्वोल्ड आणि मुलगे. मार्चचं भाडं पूर्ण मिळालं.
खाली तपासनिसाची सही, माझी,
लग्नाआधीच्या आडनावाची.
आमच्याच रद्दीतून उचलला होता त्याने.
टोलीडोच्या अर्जाच्या पाच महिने आधीचा.

थॅचरनी तो उजेडात धरला.
'पावती सांगते भाडं कधी भरलं.
रेघ कधी ओढली ते ती सांगत नाही.
तरी राहू दे. पुरावा आहे.'
राहू दे म्हणजे किती दिवस, हेड्विगने विचारलं.
ती फक्त दाखवायला आली होती.
त्याच्या हातचं तिच्याकडे आणखी काही नव्हतं.
अक्षर असं त्याचं कुठे उरलेलंच नाही,
वाढदिवसाच्या कार्डांवरसुद्धा तीच सही करायची
दोघांची.

मला काही सुचेना.
सवयीने पावतीपुस्तक ओढलं :
एक कागद, दोन्ही बाजूंनी वापरलेला, मिळाला.
सही केली. आताच्या आडनावाची.
तिने ती घडी करून डब्यात ठेवली,
झाकण दोनदा दाबून पाहिलं.

अहवाल शुक्रवारी छापायला जातो.
टीप नऊमध्ये बदल नाही.
टीप आठमध्ये छपरासाठी अठ्ठावीस हजारांची तरतूद.
खाली तिची गाडी बराच वेळ उभी होती,
काचेवरचे वायपर चालू,
आणि बर्फ तर केव्हाच थांबलं होतं.