मागचा डावा

सिनेमाआधी चौतीस सेकंद
दिवे पूर्ण मालवायचे, हा तोइव्हो लाहतिनेनचा नियम.
बाहेरच्या दारावरची लाल पाटी तेवढी जळत राहायची,
ती विझवली तर दंड भरावा लागतो.

मग पडद्यावर काही नाही.
काहीच नाही.
एखादा खोकतो, आणि आपणच खोकलो म्हणून ओशाळतो.
मग समोर उजवीकडे
एक थेंब.

मिशिगनच्या वरच्या टोकाला, तांबं संपल्यावर उरलेलं गाव,
त्यात एकशे ऐंशी खुर्च्यांचं आमचं थिएटर.
मी सोळा वर्षांचा. तिकिटं फाडायचो, सांडलेलं पॉपकॉर्न झाडायचो,
आणि रोज सातला आणि सव्वानऊला
झाडू भिंतीला टेकवून त्या थेंबाची वाट बघायचो.

थेंबानंतर पक्षी.
दिसत नाही, नुसते पंख.
उजव्या भिंतीवरून मागे जातो,
माना त्याच्यामागे वळतात,
मागच्या कोपऱ्याशी येतो
आणि गडप.

कारण मागचा डावा स्पीकर मेलेला होता.
अठ्ठ्याण्णवला छतावरचं बर्फ वितळून आत उतरलं, तेव्हापासून.
अर्लीन कोस्की, मालकीण, म्हणायची, उन्हाळ्यात नवा घेऊ.
तिकडे उन्हाळा असतोच किती.

दीड सेकंदानं पक्षी पुढे डावीकडे पुन्हा निघायचा,
जणू काही झालंच नाही.
मधल्या वेळात तो काय करतो यावर पोरांची भांडणं.
पाणी पितो. घाबरतो.
मिस्टर ट्रेव्हेनाच्या टोपीवर बसतो.

विल्मॉट ट्रेव्हेना त्याच कोपऱ्यात बसायचा, कायम.
खाणीतल्या सुरुंगानं डावा कान नेलेला.
"माझा डावा आणि तुमचा डावा," म्हणायचा,
"सोयरीक बरी जुळली."
पक्षी आला हे त्याला लोकांच्या मानांवरून कळायचं.

नमनाला घडाभर तेल, अर्लीन म्हणायची,
दिवा जळतो तो काय फुकट?
लोक सिनेमा बघायला येतात,
कंपनीची जाहिरात ऐकायला नाही.
तोइव्हो वाद घालत नसे.
जेवायच्या आधी हात धुतोस ना, एवढंच विचारायचा
आणि वर निघून जायचा.

दर गुरुवारी रात्री तो ती पट्टी
जुन्या रिळावरून कापून नव्याला जोडायचा.
प्रत्येक जोडाला एक फ्रेम जायची, हात थरथरला तर दोन.
चोवीस फ्रेमचा एक सेकंद.
चौतीसचे तेहेतीस झाले, एकतीस झाले.
कुणाच्या लक्षात आलं नाही,
कारण पट्टी सुरुवातीकडून झिजत होती
आणि सुरुवातीला शांतताच होती.
शेवटी शेवटी दिवे जायच्या आतच थेंब पडू लागला.
तेव्हा अठ्ठावीस उरले होते.

मग दोन हजार तेरा. नवं यंत्र, नवे स्पीकर, चारी कोपरे जिवंत.
तोइव्होनं चाव्या काउंटरवर ठेवल्या, त्या मोजल्या,
आणि घरी गेला.
पहिल्याच रात्री पक्षी अख्खी फेरी मारून
जिथून निघाला तिथे येऊन पोचला.
अर्लीननं टाळ्या वाजवल्या. एकटीनं.
ट्रेव्हेना मात्र मधेच उठला.
त्याच्या खुर्चीची पाठ थरथरली होती.
"इथे कुणाचं तरी बिऱ्हाड आलंय," तो म्हणाला,
आणि चार खुर्च्या सोडून, अंधारात चाचपडत,
दुसरीकडे जाऊन बसला.

झाडताना मी त्या फ्रेम उचलून ठेवायचो.
अजून आहेत. खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत
एकशे चव्वेचाळीस काळे तुकडे.
उजेडात धरले की कडेला आवाजाची रेघ दिसते,
सरळ, कुठेही न हललेली.
सहा सेकंद शांतता.
डबी कानाशी नेऊन हलवली तर, खोटं कशाला सांगू,
प्लास्टिकसारखीच वाजते.