पीतबिंदू

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी आप्पांच्या डोळ्यात उजेड सोडला
तेव्हा मला हरिपूरचं पेव आठवलं.
तोंड उघडलं की लगेच उतरायचं नसतं कुणी.
आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला, तर आत हवा नाही.
तेवत राहिला, तर मग शिडी.

बाई बराच वेळ उजेड धरून होत्या.
मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते.

"पडद्याच्या मधोमध एक पिवळा ठिपका असतो," त्या म्हणाल्या,
"बारीक अक्षर, चेहरे, रंग, सगळं तिथं.
त्यातला पिवळेपणा शरीराला करता येत नाही.
पानांतून येतो, मक्यातून येतो. बाहेरून भरावा लागतो."
आप्पा हसले.
"पिवळंच न्हवं? मग मलाच इचारायचं."

बेचाळीस वर्षं मार्केट यार्डात
हळकुंड मोडून मोडलेल्या तोंडाचा रंग सांगणारा माणूस.
राजापुरी, सेलम, कडप्पा;
लिंबाकडे झुकलेला पिवळा, केशराकडे झुकलेला,
काहिलीत जास्त शिजलेला,
पावसात भिजून गुपचूप पुन्हा वाळवलेला.
त्यांच्या एका शब्दावर पोती कुठल्या कुठे गेली.
घरी यायचा तो शर्टाच्या शिवणीत अडकलेला भुगा,
आणि एका धुण्यात
माझा शाळेचा पांढरा ब्लाऊज कायमचा पिवळा.

चौकटींचा कागद पुढे ठेवला. मध्ये टिंब.
"दिसतंय?"
"रेघा वाकल्यात. आन मधलं पोतं कुणीतरी उचललंय, बाई.
भोवतीची थप्पी हाय जागेवर."

मी लॅबमध्ये असते. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त.
आप्पांची नळी सगळ्यात शेवटी लावली.
बी-बारा, एकशे अठरा.
यंत्र चुकलं असेल म्हणून पुन्हा लावली.
यंत्र चुकलं नव्हतं.

आई गेल्यापासून तीन वर्षं
दिवस मावळायच्या आत चहा आणि खारी, झालं जेवण.
दूध बंद, एकट्यासाठी कोण तापवणार.
पालेभाजी बंद, कारण त्यांच्या मते
भाजी निवडायला दोन माणसं लागतात,
एक निवडणारं, एक बोलणारं.
मी बसने पाऊण तासावर होते.
रविवारी यायचे, येताना ढोकळा आणायचे.

पेशी म्हातारी होते म्हणजे काय
ते मी परीक्षेपुरतं शिकले होते.
आता वाटतं, तीसुद्धा पेवच.
तोंड लिंपलेलं, आत अंधार,
काढणारे रोज येतात
आणि एखाद्या हंगामापासून भरणारा येतच नाही.
खाली पाचटाचा थर उघडा पडतो. भिंत ओल धरते.
उपाशी पेशी हाक मारत नाही.
ती शेगडी चालू ठेवून दार ओढून घेते.
दिवाळीत ती भूपालकाकांना विचारते,
"पावणं, तुमी कुठल्या अडतीचं?"
काका सख्खे धाकटे भाऊ.
आम्ही सगळे हसलो होतो.
मीही.

"गेलेलं परत येईल असं सांगत नाही," बाई म्हणाल्या.
"राहिलेलं राखू."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सांगलीची बस.
इंजेक्शनचा दिवस कॅलेंडरवर, मोठ्या अक्षरात,
कडेला, जिथं त्यांना दिसतं.
एकदा डब्यातलं हळकुंड हातात दिलं.
डोळ्यांजवळ नेलं नाही, कानाजवळ मोडलं.
कट्.
"राजापुरी. कडक वाळलीय. आठशे चाळीस."
माल बरोबर. भाव मी तिसरीत होते तेव्हाचा.
मी म्हटलं, "पक्का सौदा."

आज चाकवत होता. माझ्यासमोर बसले, देठ चाचपत.
"हे हिरवं हाय न्हवं?"
"हिरवं."
"मग बाई म्हणत्यात ते पिवळं कुठं यात?"
"आत आहे, आप्पा. हिरव्याखाली. दिसत नाही."

"न दिसणारा माल मला शिकवतीस व्हय," म्हणाले,
आणि दुसरी जुडी स्वतःकडे ओढली.