एकतारी

देवपूरच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथून पांझरेचं पात्र दिसतं, पाणी क्वचित,
मी दोन हजार तीनशे वसाहती मोजल्या.
नदीकाठच्या मेथीच्या मुळांतून आणलेले जिवाणू,
सगळे ओले, चकचकीत,
सुईने उचलले की तार धरणारे.

उखर्डूमामा काचसामान धुतात.
तरुणपणी ते अमळनेरला हलवायाकडे होते.
माझ्या सुईकडे बघून म्हणाले,
"तार सुटनी. पाक व्हयना."
मी हसले नाही.
माझ्या प्रबंधात हे वाक्य अडीच पानं घेतं.

प्रत्येकाच्या गुणसूत्रात मी एक उपरा तुकडा सोडला होता,
कुठे पडायचं ते त्याचं त्याने ठरवायचं.
बहुतेकांना पत्ताही लागला नाही.
मग रात्री, वीज आली तेव्हा,
अतिनील दिव्याखाली ताटल्या मांडल्या.
निळसर उजेडाची जत्रा भरली
आणि त्र्याहत्तराव्या ताटलीत
एक ठिपका पेटलाच नाही.
"हाई आंधयं शे," मामा म्हणाले.

सकाळी पाहिला: कोरडा, कडा खडबडीत,
कळण्याच्या भाकरीचा सुटलेला पापुद्रा.
सुई लावली. तार नाही.
बाकी प्रकृती उत्तम, खातो, वाढतो,
ताटलीत एकट्याने राहायचं तर
त्याला कशाचीच उणीव नाही.

तुकडा कुठे पडला ते सप्टेंबरात कळलं.
एका जनुकात, ज्याचं काम नुसती सुरुवात करणं:
पटलाच्या आतल्या अंगाला
पहिली साखर ठेवायची, गॅलॅक्टोज.
तिच्यावर ग्लुकोज, एकामागून एक सात,
मग आठांची लड उलटून बाहेर,
लडीला लड, लडीला लड,
त्याच्या मापाने इथून साक्रीपर्यंत.
बाकी वाढपी सगळे हजर होते याच्याकडे.
पत्रावळी मांडलेल्या, भांडी भरलेली,
फक्त मीठ वाढणारा आला नव्हता.

निर्जंतुक वाळूत मेथी लावली, अठ्ठावीस दिवस.
इतरांची हिरवी. गाठ कापली तर आत
बाळाच्या हिरडीसारखी गुलाबी.
याची पिवळी.
पण गाठी होत्या.
हे मला अपेक्षित होतं, वाचलेलं होतं,
तरी ब्लेड हातात थांबलं.
मुळाने हाक ऐकली होती, जागा केली होती,
आत पांढरं, खोल्याच खोल्या, कुणी नाही.
मामांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.
"घर बांधं. बिऱ्हाड उनं नही."

त्यांच्या आधीची तीन गेली होती.
चौथा झाला तेव्हा आईने सुपात घालून
उकिरड्यावर ठेवला, शेजारणीने उचलून आणला,
आणि नाव ठेवलं ते हे.
न्यायला आलेल्याने दारातूनच तोंड फिरवावं म्हणून.
"पांघरून शे ते," म्हणाले, बाटली विसळत.

मी सांगितलं, असे जिवाणू आहेत, मामा,
फुप्फुसात उतरतात, साखर पांघरून
पहारेकऱ्यांची नजर चुकवतात.
हा त्यातला नाही. याला तर आत घ्यायला हवं असतं.
त्यांनी बाटली उपडी घातली.
"दार उघडो का लागो,
नाव तं सांगनं पडस."
त्या पांघरुणाखाली आईने दुसरं काही नाव
ठेवलं होतं का, हे मी विचारलं नाही.

मार्चमध्ये ते जनुक परत घातलं,
छोट्या वर्तुळाकार डीएनएवर बसवून.
तिसऱ्या दिवशी ताटली ओलसर.
सुई टेकवली, हळूच वर घेतली,
श्वास रोखून मामांना हाक मारली.
ते हात पुसत आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला.
बोटभर तार. लवली, चमकली, तुटली.
"एकतारी," म्हणाले. "अजून जरासी आच पाह्यजे."

मी वहीत तारीख टाकली
आणि लिहिलं: दोष भरून निघाला, अंशतः.