परिच्छेद एक्केचाळीस

'प्रतिवादीने पाहिलं असतं, तर त्याला दिसलं असतं.'
एवढंच. परिच्छेद एक्केचाळीस.
लहानपणी चर्चमध्ये घोकलेल्या युक्रेनी प्रार्थनेसारखा
तोंडपाठ आहे मला, अर्थ न लावता.

सत्तर टक्के माझ्या पदरात, तीस व्हर्ना लॉकहार्टच्या.
आम्ही गव्हातला ओलावा मोजतो तशी
चूक मोजतात तिथे,
मूठभर नमुना घेऊन.

मिस डेलोर्मे म्हणाली,
अपील म्हणजे दुसरा खटला नव्हे, ओरेस्ट.
तिथे साक्षीदार नसतात. कागद बोलतात.
चूक ढळढळीत हवी, निकाल फिरवेल एवढी.
न्यायाधीशांनी धुळीचा विचारच केला नाही,
आपण धुळीवर उभे राहू.

धूळ होतीच.
सप्टेंबर, खडीचा रस्ता,
पुढे गेलेल्या हार्वेस्टरची धूळ अर्धा मैल लोंबकळत,
चौकात पाटी नाही, कधीच नव्हती.
माझ्या ट्रकमध्ये मसूर.
धडकेनंतर कितीतरी वेळ ती सांडतच राहिली,
रस्त्यावर, चरात,
तिच्या गाडीच्या फाटलेल्या दारातून आत.

रिजायनाला तीन न्यायाधीश. एकाला सर्दी.
लेस्याच्या लग्नातला सूट घालून गेलो होतो,
कुणी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.
व्हर्ना दोन रांगा पुढे,
काठी मांडीवर आडवी.
चौदा वर्षं आम्ही तिच्याकडची अंडी खाल्ली.

अकरा आठवड्यांनी फोन: अपील अंशतः मंजूर.
पन्नास-पन्नास.
नादियाने ओट्यावरचे हात न पुसताच
मला मिठी मारली.

खटल्यात मला विचारलं होतं, पाहत होतात का?
मी म्हणालो, पाहत होतो.
कुठे, ते कुणी विचारलं नाही,
आणि मी मिठाची गुळणी धरली.

धूळ विरत आली होती.
वर क्रौंच पक्षी, शेकडो, दक्षिणेकडे निघालेले,
त्यांचा तो घशातला घरघरता आवाज
बंद काचेतूनसुद्धा.
दोन सेकंद.
तीन असतील.

अपिलात नवा पुरावा चालत नाही.

शनिवारी व्हर्नाच्या फाटकापर्यंत गेलो.
इंजिन चालूच ठेवलं.
तिचा कुत्रा उठून आला,
चाक हुंगलं त्याने,
ओळखीचं निघालं,
परत जाऊन निजला.