चार डेसिबल

रात्री साडेअकरानंतर सुदामानगर जरा गप्प होतं.
दुबेजी शटर ओढतात, शेवटची बुलेट कोपऱ्यावर वळते,
मग मी पंखा बंद करतो, फ्रिजचा प्लग काढतो
(परत लावायला विसरलो की दूध नासतं,
त्या दिवशी घरात गाण्याचा विषय निघत नाही)
आणि कपाटात शिरतो.

कपाट म्हणजे स्टुडिओ.
डावीकडे माझा लग्नातला कोट, उजवीकडे सुनेत्राच्या साड्या,
मधे खिळ्यांना टांगलेल्या दोन गोधड्या.
माहेश्वरीसारखं आवाज पिणारं कापड नाही,
हे मात्र मला कुठल्याच दुकानात सांगितलं नाही.

माईक जेलरोडवरून घेतला, नऊ हप्त्यांत.
लछवानी म्हणाला, भिया, मुंगी चालली तरी ऐकेल.
मुंगी काही ऐकली नाही त्यानं.
पहिल्याच टेकमध्ये, अंतऱ्याच्या जरा अलीकडे,
कुणीतरी तीन मजले चढून आल्यासारखं धापा टाकत होतं.
मी हेडफोन काढून मागे पाहिलं.
मागे कोट होता.
तोही आता मला होत नाही.

डॉक्टरच्या आधी, वजनकाट्याच्या आधी
हे मला एका यंत्रानं सांगितलं.
(सुनेत्रा अकरा वर्षं सांगतेय, पण तिला हप्ते नव्हते.)

त्याआधी वाटायचं, प्री-अँप बदलला की गाणं होईल.
मग वाटलं केबल. मग वाटलं स्पीकरखाली स्पंज हवा.
पलंगाखाली अजून आहेत
दोन मेलेली इंटरफेसं, एक गुंडाळलेली लाल वायर,
आणि गंधार मुका झालेला एक कीबोर्ड,
जो विकवत नाही, कारण घेणारा आधी गंधारच दाबणार.

आता पहाटे दसरा मैदानाला चकरा.
बारा किलोची केटलबेलही आणली.
ती बहुतेक दिवस माईकस्टँडच्या पायावर बसून असते,
स्टँड हलू नये म्हणून.
व्यायामाचा गाण्याला फायदा होतो, तो असा.

तिसऱ्या चकरेला मी कुंपण धरतो
आणि हिरव्या रेषेची वाट पाहतो.
ही रेषा मैत्रेयीच्या खेळातली.
त्यात एक तिरंदाज आहे, दिवसभर डोंगर चढतो,
दम संपला की कोपऱ्यातली हिरवी रेषा लाल होते,
थांबला की भरून येते. चार सेकंद.
मी घड्याळ लावून पाहिलं :
मला सव्वातीन मिनिटं लागतात,
आणि तेवढ्यात एक आजोबा दोनदा पुढे निघून जातात.

एका रविवारी सकाळी सूर असा लागला होता की काय सांगू.
शेवटच्या ओळीवर कचरागाडी आली.
तिचं गाणं माझ्यापेक्षा सुरात होतं.
मी ओला आणि सुका वेगळा घेऊन खाली गेलो.

काल मात्र पूर्ण लागलं.
आठ मात्रा एका दमात, नवव्या मात्रेवर श्वास.
पडद्यावर तो दिसतो,
दोन ओळींच्या मधे एक बारीक सुरवंट.
मी तो निवडला, पुसला, ऐकलं.
ओळी एकमेकींना ओळखेनात.
परत आणला. चार डेसिबल खाली ठेवला,
म्हणजे आहे, पण पुढे पुढे करत नाही.

पाणी प्यायला बाहेर आलो.
मैत्रेयी सोफ्यावर झोपलेली, कंट्रोलर पोटावर.
टीव्हीत तिरंदाज धुक्यात उभा होता,
कुणी बटण दाबत नव्हतं, डोंगर तसाच शिल्लक,
आणि त्याचे खांदे हळू वर जात होते, खाली येत होते.

म्हणजे कुठेतरी कुणीतरी
रात्री जागून हे काढलं असणार :
कुणी खेळत नसेल तेव्हा हा काय करेल.

मी ग्लास हातात धरून बराच वेळ उभा होतो.
तो माझ्यापेक्षा सावकाश घेत होता.
मग माझंही तसंच व्हायला लागलं.

टीव्ही बंद केला नाही.
फ्रिजही लावायचा राहिला.