बिनगाठीची

पाकीट दुबईहून आलं.
आत दोन काळ्या नाड्या, रबराच्या,
टोकाला बारकी खिट्टी.
शमसानं कात्रीनं प्लास्टिक फाडलं,
म्हणाली, सिस्टर, आता तुझं एक काम कमी.

खल्फानबाबा खुर्चीतून बघत होते.
उजवा हात मांडीवर,
कुणीतरी तिथं विसरून गेल्यासारखा.
झटक्याला चौदा महिने झाले.
वहाणा गेल्या. पाऊल लोंबू नये म्हणून पट्टी आली,
पट्टीवर बूट आला,
आणि बुटामागोमाग मी, मिरजेहून,
रोज सकाळी त्यांच्या पायाशी उकिडवी.

मलाही कुठं येत होतं.
एकोणीस वर्षं चपलेत काढली.
नर्सिंगच्या होस्टेलवर लीलाम्मानं शिकवलं,
पांढऱ्या बुटांवर,
रात्री दिवे गेल्यावर, मेणबत्तीत.

आणि हा माणूस सोळाव्या वर्षी
डोलकाठीवर चढून गाठी मारायचा.
बसऱ्याचा खजूर मंगळुरात उतरवायचा,
कौलं भरायची, परत सूर.
त्या फेऱ्यांतच उचललेल्या हिंदीत मला सांगायचे:
गाठ अशी पाहिजे की तुफानात धरेल
आणि अंधारात एका ओढीत सुटेल.
जी सुटत नाही ती गाठ नाही बेटी,
ती चूक.

आमच्यात तिला सुरगाठ म्हणतात, मी म्हणाले.
सूर?
ते हसले, अर्ध्या तोंडानं,
हसायला तेवढीच बाजू उरलेली.
आमच्या गावाची गाठ?
हो म्हणाले. कशाला खोटं पाडा.
दुसरीला निरगाठ म्हणतात
ते सांगायचं राहून गेलं.

नाड्या मीच ओवल्या. भोकाभोकातून,
खिट्टी दाबून, उरलेलं टोक आत खोचून.
ताणली की लांबते, सोडली की जागेवर.
लांब दांड्याचं शिंगाडं टाचेशी धरलं त्यांनी, डाव्या हातानं,
आणि पाय आत गेला,
मांजर अर्ध्या उघड्या दारातून येतं तसा.
दुसराही.
खोलीत कुणी काही बोललं नाही.

शुक्रवारी मशिदीच्या पायरीवर
बद्र सगळ्यांदेखत बापापुढं वाकायचा,
तेव्हा ते समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे,
भिंतीवर काही लिहिलेलं असावं असं.
या शुक्रवारी भिंत कुणी वाचली नाही.
बूट काढले, बूट घातले.
बद्रच मागं राहिला,
हातांचं काय करायचं ते न कळून.

माझंही तेच.
शनिवारी सकाळी ते काठी टेकत
खाडीकडे निघून गेले, एकटे,
आणि मी सवयीनं खाली बसलेली,
समोर रिकामी खुर्ची.
शमसा आत आली तेव्हा
मी फरशीवरचा डाग पुसत होते.
डाग नव्हता.

जुन्या सुती नाड्या त्यांनी फेकू दिल्या नाहीत.
काल दुपारी वारा पडलेला,
समुद्र तव्यावर ठेवल्यासारखा,
आणि ते गॅलरीत, कठड्याशी,
एक टोक दातात, एक डाव्या हातात.
अर्धा तास.
घाम नाकावरून दाढीत.
मी मधे पडले नाही.
चौदा महिन्यांत एवढं शिकले.

मग म्हणाले, ओढ.
मी ओढलं.
गाठ आणखी आवळली.

त्यांनी बोट फिरवलं तिच्यावरून,
आंधळ्यानं तोंड ओळखावं तसं.
बराच वेळ.
चूक, म्हणाले,
आणि आत जाऊन निजले, बूट काढून,
कुणाला हाक न मारता.

कात्री दोन हातांवर होती.
मी स्वयंपाकघरातून काटा आणला,
दोन दातांचा, खजूर टोचायचा,
आणि बसले कठड्याशी.
एक पीळ ढिला झाला, दुसरा नाही.
आज पुन्हा बसले.
शमसानं विचारलं, काय करतेस,
तर म्हणाले, काही नाही, वारा खातेय.

अजून सुटलेली नाही.
सुटेल.
घाई कुणाला आहे,
माझा करार मार्चपर्यंत आहे.