उरलेले पाच

तंबाखू नाही, मावा नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही.
तरी जबड्याखाली गाठ आली, लिंबाएवढी,
आणि उद्यमनगरानं मला
चोरून खाणारा ठरवून टाकलं.

सासने मॅडम म्हणाल्या, ही विषाणूची.
वीस-तीस वर्षांपूर्वी कधीतरी आत आलेला,
गुमान बसून राहिलेला.
शैलजा खिडकीतून खालच्या रिक्षा मोजत होती.
काही विचारलं नाही तिनं. अजून नाही.

या जातीची गाठ किरणांनी लवकर विरते, मॅडम म्हणाल्या,
अभ्यासात आम्ही पस्तिसाऐवजी तीसच दिवस देऊन बघतोय.
गिळणं राहील, लाळ राहील, कदाचित.
खात्री अजून कुणालाच नाही. सही तुमच्या मर्जीनं.

मेव्हणा उसळला : कमी का म्हणून?
पैसं हाईत की! पुरं द्या, वर दोन जादा द्या.
त्याचंही बरोबर. आमच्या गावात
तर्री कमी पडली तरी भांडण होतं.

मी लेथवर बत्तीस वर्षं.
कास्टिंगवर राहिलेलं पुन्हा घेता येतं,
जादा घेतलेलं परत लावता येत नाही.
गाठ म्हणजे लोखंड नव्हे, हेही कळत होतं.
सही केली, हात हलला.

जाळीचा मुखवटा गरम पाण्यातून काढून
तोंडावर दाबला, टेबलाला चाप लावले.
जॉब पक्का बांधलाय, मी मनात म्हटलं.

विसाव्या दिवसापासून पाणी काचेसारखं.
शैलजा पेज गाळायची, पुन्हा गाळायची.
वासानं मला मळमळतं म्हणून
महिनाभर घरात फोडणी नाही.
शेजारीण विचारून गेली, सुतक आहे का.

तीस झाले.

एकतिसाव्या दिवशी अंघोळ करून
नेहमीच्या केएमटीत बसलो.
माझ्या वेळेला गडहिंग्लजचा कोणी आत गेला.
दार लागलं, वर लाल दिवा लागला.
मी बाहेर बाकावर, गळ्यावर हात ठेवून.
असे पाचही दिवस.

पाचव्या दिवशी बघतो तर
बाकाच्या त्या टोकाला शैलजा, मांडीवर डबा.
आता विचारणार, वाटलं. कुणाकडून, कधी.
म्हणाली, पांढरा केलाय, अगदी पातळ.
बघा काही लागतंय का.

झाकणातून घोट घेतला.
मीठ लागलं.
थोडंसं,
जिभेच्या डाव्या कडेला.